‘बघणे’चं इंग्रजी

…अहो, चूक माझीच! हैदराबादला पाच वर्षं शिकून डिंगोऱ्याला परतलो, ते डोक्यात एकच घेऊन, गावातल्या प्रत्येकाला इंग्रजी आलंच पाहिजे! अंजनाकाकूंची कांद्याची चाळ रिकामी होती, तिथं वर्ग मांडला, कांदा आला की चाळ सोडायची या बोलीवर. आता कांदा काढणीला आलाय, दुसरी जागा नाही, आणि आम्ही अजून ‘बघणे’वरच! तुम्हाला सांगतो, मराठीत बघणं एक, इंग्रजीत तीन… करायचं काय माणसानं?

मी समजावलं, नजरेला पडलं ते सी, मुद्दाम नजर टाकली ते लुक, नजर लावून बसलं ते वॉच. भागुजीतात्या एका गोडाऊनवर वॉचमन. ते लगेच, “म्हंजी मी लुकमन हाय का, सर? मी आपली जाग आली की नजर टाकतो!”

मग वर्गातली प्रतीक्षा उठली. “सर, परवा मला बघाया पावणं आलं व्हतं, ते काय?” सी, म्हटलं. “पण पोराची आई तर डोळंच हलवीना!” मग वॉच. “आन् पोरगा नुसता टीव्हीवर मॅच बघत व्हता, ते?” तेही वॉच. “मॅचला आन् मला येकच शब्द? आजच नकार कळवाया सांगते आईला!” घ्या! व्याकरणापायी सोयरीक मोडली! बघणं एक, इंग्रजीत तीन…

त्यात काकू म्हणाल्या, “सर, कांदा सोमवारी येतोय बरं का.” तडक सरपंच कुंडलिकरावांकडं गेलो. ग्रामपंचायतीची एक खोली नुसती कुलपात पडलीय हो! तासभर पोटतिडकीनं बोललो, शिक्षण, हक्क, बदलतं जग… कुंडलिकराव तंबाखू मळत म्हणाले, “वा, वा! बघू!”

मी धावतच चाळीत! “मिळतेय खोली! सरपंच ‘बघू’ म्हणालेत!” खडू उचलून मी विचारलं, “सांगा, हे बघणं कुठलं? सी, लुक की वॉच?” तात्या उठले, फळा खुंटीवरून काढून काखोटीला मारला. काकू सतरंजी गुंडाळायला लागल्या.

“अहो तात्या, पण…”

“सर, तुमी लांब शिकलात, तुमाला काय ठावं! सरपंचाच्या ‘बघू’ला इंग्रजीत येकच शब्द हाय. नो!”

…आणि तुम्हाला सांगतो, उच्चार अगदी चोख केला हो!