निळ्या खुणेची मेंढी

फेस्टी : तिथेच थांब. उंबऱ्यातच. आधी मला सांग, बाहीवर ते रक्त कसलं?

असुम्पता : मेंढीचं आहे, फेस्टीकाका. घाबरू नका, माझं नाही.

फेस्टी : मी कशाला घाबरू? पांढरा कपडा अंथरून सकाळपासून बसलोय. पोटात चहाचा घोट नाही. मेणबत्त्या जळून बोटाएवढ्या झाल्या. चर्चमधली मिस्सा, रविवारची उपासना, संपलेली मी कॉम्प्युटरवर डोळ्यांनी पाहिली. फादरांनी तुझ्या हातात ख्रिस्तप्रसादाची डबी दिली, ती तू गळ्यात घातलीस, तेही पाहिलं. पुढे काय झालं? चर्च काय डब्लिनला नेलं कुणी?

असुम्पता : वाटेत थांबले.

फेस्टी : प्रभूला गळ्यात घालून थांबलीस! माझी आई सांगायची, फादर आजाऱ्याकडे प्रसाद घेऊन निघाले की वाटेत कुणाला 'कसं काय' एवढंही म्हणायचे नाहीत. लोक रस्त्यातल्या चिखलात गुडघे टेकायचे.

असुम्पता : मीही टेकले की. मेंढीच्या मागे.

फेस्टी : थट्टा नको.

असुम्पता : थट्टा कुठली! मेंढी अडली होती. कोकराचं नुसतं डोकं बाहेर, जीभ काळीनिळी. मी काय 'देव तुमचं भलं करो' म्हणून गाडी पुढे काढू?

फेस्टी : पाय?

असुम्पता : काय?

फेस्टी : कोकराचे पाय गं! कुठे होते?

असुम्पता : एक पुढे होता. दुसरा मागे वळलेला.

फेस्टी : मग डोकं आधी आत ढकललंस का? नुसतं ओढत नाही ना बसलीस?

असुम्पता : ढकललं. जन्मभर या डोंगरात टपाल वाटलं, इतकं तरी पाहून शिकलेय. पण पाय सापडेना. घाम फुटला मला. मग मोठ्याने म्हटलं, 'आलायस ना बरोबर? मग लाव हात जरा.'

फेस्टी : कुणाला म्हणालीस?

असुम्पता : कुणाला म्हणजे? आणखी कोण होतं बरोबर?

फेस्टी : प्रभूशी असं बोलतात?

असुम्पता : हात जोडायला मोकळे नव्हते, काका. आणि खरं सांगू? इतकी वर्षं दर रविवारी त्याला तुमच्याकडे आणते. 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणते. मानते मी ते. पण मनात असतं, पाऊस पडेल, दोरीवरचे कपडे भिजतील. आज तसं नव्हतं. आज तो होता. तुम्ही समोर बसलात ना, तसा होता. मी बोलले आणि पाय हाताला लागला.

फेस्टी : आता त्या येशूच्या गोठ्यातल्या जन्माची गोष्ट सांगू नकोस मला.

असुम्पता : मी कुठे काही म्हटलं?

फेस्टी : म्हणणार होतीस. जगलं का कोकरू?

असुम्पता : जगलं. गवताने चोळचोळ चोळलं तेव्हा कुठे श्वास घेतला.

फेस्टी : हं. मेंढी कुणाची?

असुम्पता : होती एक. हात धुते हं मी, मग प्रार्थना सुरू करू.

फेस्टी : असुम्पता. अंगावर खूण कुठल्या रंगाची होती?

असुम्पता : निळी. डाव्या खांद्यावर.

फेस्टी : ती माझी खूण आहे.

असुम्पता : तुमची होती. मग रोननची झाली. आता मायकेनची आहे.

फेस्टी : त्या बाईचं नाव या घरात घ्यायचं नाही.

असुम्पता : ती सून आहे तुमची. भिंतीपलीकडे तुमचंच शेत, आणि शेतापलीकडे ती. एकटी पावसात बसली होती, मेंढीचं डोकं मांडीत धरून. डेन्मार्कमधल्या शहरात वाढलेली पोर. ती रडत होती, काका.

फेस्टी : रडू दे. माझ्या पोराला मिस्साशिवाय जाळलं तिने. ना फादर, ना प्रार्थना. कुत्र्यालाही लोक चार शब्द बोलून पुरतात.

असुम्पता : रोननलाच नको होतं. याच खोलीत तुमच्या तोंडावर सांगितलं त्याने. मी इथे होते.

फेस्टी : आजारी माणूस काहीही बोलतो.

असुम्पता : आणि तिने त्याचं ऐकलं. मरणाऱ्या नवऱ्याला शब्द दिला तो पाळला. तुम्ही तर अंत्यविधीलाही गेला नाहीत.

फेस्टी : ज्या घरात देव नाही तिथे मी पाय ठेवत नाही.

असुम्पता : देव नाही? आज सकाळभर तिथेच होता. आणि ऐका, आता बोलतेच सगळं. मग फादरांकडे तक्रार करायची तर करा. हात घालायचा म्हणजे डबी गळ्यात लोंबकळणार, घाणीला लागणार. जमिनीवर ठेवणार कशी? तिच्या हातात दिली.

फेस्टी : काय?

असुम्पता : दिली.

फेस्टी : बाप्तिस्मा नसलेल्या बाईच्या हातात? प्रभूला?

असुम्पता : तिने विचारलं, यात काय आहे. मी म्हटलं, प्रभू आहे. मला वाटलं हसेल. हसली नाही. कोटाची चेन उघडली, डबी आत छातीशी ठेवली, चेन गळ्यापर्यंत ओढली. म्हणाली, 'म्हणजे रोनन ज्याच्यावर रुसला होता, तो.' आणि पूर्ण वेळ एक हात त्यावर. कोकरू बाहेर आल्यावर आधी डबी परत दिली, मग डोळे पुसले. मी ती नुसती पर्समध्ये टाकून फिरलेय कितीदा. तिच्याइतकं जपून मी कधी धरलं नाही त्याला.

फेस्टी : रुसला होता, असं म्हणाली?

असुम्पता : असंच म्हणाली.

फेस्टी : सोडून दिलं होतं, असं नाही?

असुम्पता : नाही. रुसला होता.

फेस्टी : ... मेंढीचं तोंड कसं होतं? ठिपक्यांचं? एक शिंग आत वळलेलं?

असुम्पता : हो. तीच. का?

फेस्टी : दुसरं बाहेर काढलंस?

असुम्पता : दुसरं काय?

फेस्टी : अगं बये! त्या वाणाच्या मेंढ्या जुळ्याशिवाय वीत नाहीत! मी वाढवलाय तो वाण. पोट चाचपून पाहिलंस का?

असुम्पता : नाही. तुम्ही ताटकळत असाल म्हणून पळत आले.

फेस्टी : माझ्यासाठी त्या पोरीला टाकून आलीस? अडलेली मेंढी आणि पोटात कोकरू?

असुम्पता : आत्ता तर थांबले म्हणून ओरडत होतात!

फेस्टी : आता निघालीस म्हणून ओरडतोय. काठी दे.

असुम्पता : मी तिला फोन लावते. तुम्ही सांगा, ती करेल.

फेस्टी : फोनमधून हात घालता येतो का? दे ती काठी.

असुम्पता : बरं. पण आधी प्रसाद घ्या. सकाळपासून उपाशी आहात. त्याच्यासाठीच तर बसला होतात.

फेस्टी : आत्ता नको.

असुम्पता : काका...

फेस्टी : आत्ता तोंड उघडवत नाही मला त्याच्यासमोर. वर्षभर तिच्याबद्दल काय काय मनात धरून मी आमेन म्हणत आलोय, तुला माहीत नाही. त्याला माहीत आहे. त्याला बरोबर घे आणि गाडी काढ.

[मायकेनचा गोठा. बाहेर पाऊस.]

मायकेन : असुम्पता, तू आलीस का? हिला आत आणलं तर परत आडवी झाली, कण्हतेय. मला काही कळत नाही, मी... तुम्ही?

फेस्टी : शिंगाकडून धर तिला. घट्ट. असुम्पता, गरम पाणी. मागे आहे एक, म्हटलं होतं ना. पाय पुढे आहेत याचे. शहाणं आहे.

मायकेन : जिवंत आहे?

फेस्टी : थांब. थांब जरा... हं. शिंकलं. घे. मादी आहे. आधी तोंड पूस, मग चीक पाज. नाही, असं नाही, बोट घाल तोंडात. बघ, ओढतंय.

मायकेन : ओढतंय! किती जोर आहे!

फेस्टी : रोननने शिकवलं नाही तुला?

मायकेन : म्हणाला होता, या वसंतात शिकवतो.

फेस्टी : हं.

मायकेन : तुम्हाला मी बोलवायला हवं होतं. रोनन गेला तेव्हाही. तुमच्या दारापर्यंत आले होते एकदा.

फेस्टी : पाहिलं होतं मी खिडकीतून. उघडलं नाही. ते माझं चुकलं, पोरी. तुझं नाही.

असुम्पता : काका, आता देऊ?

फेस्टी : आता दे.

मायकेन : मग मी बाहेर थांबते. तुमचं झालं की हाक मारा. मी तुमच्यातली नाही.

फेस्टी : उठू नकोस, मायकेन. दोन्ही कोकरं आत्ता कुठे तुझ्या मांडीवर झोपलीत.