जास्तीचं हाड

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एक शिंपीणबाई सुजलेला घोटा धरून धास्तावून बसली होती. तेवढ्यात आतून एक धावपटू मुलगी लंगडत बाहेर आली. तिचे वडील ताडकन उठले.

"तुटलंय ना?"

"नाही बाबा! एक्सरेत दिसला तो तुकडा जन्मापासूनचाच आहे. काहींना असतं म्हणे असं जास्तीचं हाड."

"आणि त्याला चिकटलेली शीर?"

"शाबूत आहे, नुसती सुजलीये. थोडे दिवस विश्रांती, मग पळायचं."

"नीट ऐकलंस ना? का आनंदात अर्धंच?"

"दोनदा विचारलं. हे बघा, पायाच्या आतल्या बाजूला. टेंगूळ लागतं हाताला."

"अगं, असं तर माझ्याही पायाला आहे!"

"काढा बूट."

"इथं? चारचौघांत?"

"काढा हो!"

"हे घे, बघ. आणि मी जन्मभर चपलांना शिव्या घातल्या!"

"आई उगाच म्हणते, मी तुमचं काहीच घेतलं नाही."

बापलेक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. दार उघडलं, शिंपीणबाईला हाक आली. तिचा पाय उचलेना.

"जा ताई, बिनघोर जा," एका पायात बूट असलेले बाबा म्हणाले. "आत चांगलंच सांगतात."

बाईला हसू फुटलं, आणि ती उठली.