पाटावरचा पाना

आता बोला! ज्या माणसानं भोसरी एमआयडीसीत बत्तीस वर्षं मेंटेनन्सला काढली, कॉम्प्रेसर म्हणू नका, बॉयलर म्हणू नका, कुठं एक थेंब गळू दिला नाही, त्याच माणसाच्या टाकीचा पाईप गळावा, आणि गळावा तर कधी? खंडेनवमीला! अहो, वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, त्यातला नेमका तोच... पाईपाला काय कॅलेंडर वाचता येतं का काय?

तुम्हाला सांगतो, कासारवाडीत रेल्वेलाईनच्या अंगाला ती तीन मजली बिल्डिंग आहे ना, तिच्या तळमजल्यावर आमचे उद्धवराव. उंचीनं बेताचे, छाती मात्र उंबऱ्याच्या आधी घरात शिरते. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी खिशाला टेस्टर. लग्नात भेटू द्या, बारशाला भेटू द्या, वाक्य एकच : "बत्तीस वर्षं मेंटेनन्सला काढली राव, एक थेंब गळू दिला न्हाई!" एकदा तर मयताला बोलले. तिथं लोकांच्या डोळ्यांतनं धारा, आणि हे म्हणतात एक थेंब गळू दिला न्हाई!

तर त्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेल्या शालनबाई, म्हणजे उद्धवरावांच्या मंडळी, वरनंच ओरडल्या, "अवो, टाकी रडतीया!"

उद्धवराव गेले. टाकी लोखंडी स्टँडवर, पाईप डोक्याइतक्या उंचीवर आडवा निघतो नि मग सरळ खाली, चारी बाजूंनी मोकळा, कंबरेच्या उंचीला जोडाचा एक मोठा नट. त्या नटातनं पाणी. टपटप नाही हो, चांगली करंगळीएवढी धार! वरचा व्हॉल्व्ह बंद करावा तर तो तीन वर्षांपासनं गंजून बसलेला. उद्धवराव हसले. "हात्तिच्या! स्क्रू पाना आण. दोन आटे आवळले की झालं."

"पाना कुठनं आणू?" शालनबाई म्हणाल्या. "पाना बसलाय."

बसलाय! झालं ना! सकाळी सातला अंघोळ करून उद्धवरावांनी स्वतःच्या हातानं पाटावर लाल कापड अंथरलं होतं, त्यावर स्क्रू पाना, हातोडी, पक्कड, करवत, हॅक्सॉ ओळीनं मांडून हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूचं फूल ठेवलं होतं. नव्या लोकांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो, खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याची पूजा होऊन दुपार टळेपर्यंत त्याला उचलायचं नाही. त्याची सुट्टी असते. तुमच्याआमच्या सुट्टीवर साहेब फोन करतो, हत्याराच्या सुट्टीवर कोणी नाही!

"एकदाच उचलतो," उद्धवराव हळूच म्हणाले. "दोन मिनटं."

"आन् तो कांबळे सुपरवायझर?" शालनबाईंनी कंबरेवर हात ठेवले. "त्यानं खंडेनवमीला हातोडी उचलली आन् अंगठा सपाट झाला, ही गोष्ट बत्तीस वर्षं कोण सांगतंय? पोरांना झोपवताना सांगितली, जावयाला मधुचंद्राला जाताना सांगितली! व्हय का न्हाई?"

व्हय. स्वतःच्याच जाळ्यात मासा, आणि कोळीही स्वतःच!

तुम्ही म्हणाल, गळू द्या की एक दिवस, बादली लावा. अहो, तसं असतं तर ही गोष्ट तुम्हाला कशाला ऐकवली असती? इकडं पाणी दिवसाआड. सकाळी येऊन गेलेलं, आता परवा. टाकीत आहे तेवढंच, आणि दसऱ्याला दुपारी बाराला पंगत बारा माणसांची. कोणाची? व्याह्यांची! लेकीचे, दिपालीचे सासरे, दिघीचे दादासाहेब, सगळा गोतावळा घेऊन येणार. आणि ह्याच दादासाहेबांकडं मागच्या दिवाळीत मोरी तुंबली, त्यांनी प्लंबर बोलावला, तेव्हा भरल्या पाहुण्यांत उद्धवराव काय म्हणाले? "मोरीला माणूस लागतो व्हय तुमाला? मग तुमचं हात काय नुस्तं टाळ्या वाजवायला?" दादासाहेब हसले, पण कसे? दाताखाली खडा आल्यासारखे. "येतो दसऱ्याला तुमच्याकडं," म्हणाले. "बघू."

ते 'बघू' उद्धवरावांना त्या धारेत दिसायला लागलं. टाकी रिकामी झाली तर नाक राहतंय कुठं?

मग सुरू झाली बिनहत्याराची दुरुस्ती. चिंध्या गुंडाळल्या, धार चिंध्यांतनं. कणीक लावली, कणकेचा पाण्यात गोळा झाला नि दोन कावळे जेवून गेले. सायकलची ट्यूब आवळून बांधू म्हणाले, तर ट्यूब कापायला कात्री? बसली. सुरी? बसली. विळी, लाटणं, चहाची सांडशीसुद्धा बसली! शालनबाईंनी स्वयंपाकघरातलं काहीएक सोडलं नव्हतं, भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवली होती आणि चहाचं पातेलं सकाळपासनं पदरानं धरत होत्या. शेवटी उद्धवरावांनी ट्यूब दातांनी तोडायला घेतली. ट्यूब राहिली तशीच, कवळी ट्यूबमध्ये! पण तशा बोळक्या तोंडानंही म्हणालेच, "बत्तीश वर्षं... एक थेंब..."

आता शेजारधर्म बघा. पाना मागायला दारोदार हिंडले. ज्याच्या घरी जावं तिथं पाटावर फुलं! अख्ख्या पट्ट्यात, निगडीपासनं चाकणपर्यंत, लाखानं पाने असतील, पण त्या दिवशी एक मोकळा असेल तर शपथ! मशिनींना हार, क्रेनला हार, फोर्कलिफ्टला केळीचे खांब... आणि एक नट आवळायला कोणी नाही.

शेवटी, काळजावर दगड ठेवून सांगतो, उद्धवरावांनी प्लंबरला फोन लावला. जिन्याखाली लपून लावला, आवाज बदलून लावला! विक्की प्लंबर, जवळच राहतो, त्यानं एका शब्दात ओळखलं. "बोला उद्धवकाका!"

"मी न्हाई बोलत," उद्धवराव म्हणाले.

"बरं, जे कोण बोलत नाहीत त्यांना सांगा, आज जमणार नाही. माझी हत्यारं बसलीत. उद्या चारला उठली की पहिला तुमच्याकडं."

चारला! आणि पंगत बाराला!

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा सुजित खाली आला. हिंजवडीच्या कंपनीतला, घरनंच काम, कानात यंत्र, वर शर्ट खाली बर्मुडा. म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता? ॲपवर नवीन पाना मागवू. दहा मिनिटांत येतो. नवीन म्हणजे पूजेला बसलेलाच नाही!"

काय डोकं! मानलं पोराला! खरंच नवव्या मिनिटाला पिशवी आली. उद्धवरावांनी पाना बाहेर काढला, कसा चकाकत होता... पाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडतोय न पडतोय तोच मागनं शालनबाई कुंकवाची कोयरी घेऊन हजर! "अगं बया! खंडेनवमीला नवं हत्यार घरात आलं, आन् बिनपूजेचं वर चाललंय?" बोट बुडवलं, टिळा लावला, फूल ठेवलं, पाना पाटावर. बसला! जन्माला आला आणि त्याच दिवशी रिटायर!

दुपारचे तीन वाजले. टाकी अर्ध्यावर. उद्धवराव पायरीवर बसले, डोकं हातात. आणि तेव्हा पहिल्या मजल्यावरचा एक म्हातारा... त्याचं नाव जाऊ द्या, सातवीला तीनदा बसलेला माणूस, त्याचं काय नाव घ्यायचं... तो म्हातारा सुपारी चघळत सहज म्हणाला, "वहिनी, पाना पाटावरनं उचलायचा न्हाई, एवढंच ना? पण पाट उचलायला कुठं बंदी हाय?"

शालनबाईंनी खूप विचार केला. पालखीतला देव काय पालखीतनं उठतो का? बसल्या बसल्याच गावभर फिरतो की! "चालंल," म्हणाल्या. "पण पान्याला हात लावायचा तर कुंकू वाहायलाच."

मग काय विचारता! उद्धवराव बोटाला कुंकू लावून पान्याला वाहू लागले ते वाहूच लागले, वाहता वाहता पान्याची चकती फिरवून तोंड मापाला आणलं. पान्याचं तोंड पाटाबाहेर काढून पाना नाड्यानं पाटाला पक्का बांधला. पाट चौघांनी उचलला. एका कोपऱ्याला सुजित, त्याची मीटिंग चालूच, तो म्हणतोय, "येस येस, आय ॲम ऑन इट," आणि खरंच होता हो ऑन इट!

जिन्यातनं पाट वर निघाला तशी दारं उघडायला लागली. फुलं, नाडा, कुंकू, चौघांच्या हातांवर पाट... लोकांना वाटलं देवीच वर चालली! कोणी नारळ आणला, कोणी घंटा. दुसऱ्या मजल्यावर कौशल्याबाई, नऊ दिवसांचा उपास, आवाज असा की रेल्वे शिट्टी वाजवायची थांबते. त्यांनी विचारलं नाही, पुसलं नाही, आरतीचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढं! कोणीतरी सांगायला पाहिजे होतं त्यांना, की बाई, हा नट आवळायचा कार्यक्रम आहे. त्या म्हाताऱ्याला सांगता आलं असतं. पण त्याच्या तोंडात सुपारी होती ना!

गच्चीत पोचले. पाट पाईपाशी लावला, पान्यानं नट पकडला, बरोब्बर! आता पाटासकट गोल फिरायचं, म्हणजे नट फिरणार. उद्धवराव खाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "हां, आता डावीकडनं..."

नीट ऐका, सगळी मेख इथंच आहे. तो नट खालनं वर चढवलेला. वरनं बघणाऱ्यानं त्याला घड्याळाच्या उलट फिरवला तर तो आवळतो, सुलट फिरवला तर सुटतो. आणि प्रदक्षिणा? प्रदक्षिणा सुलटच घालतात!

कौशल्याबाईंनी आरती सुरू केली आणि निघाल्या. सुलट! मागं पाट, पाटामागं तीस माणसं, टाळ्या, घंटा, झांजा. उद्धवराव ओरडतायत, "उलटं! उलटं फिरा!"

"देवीला उलटी प्रदक्षिणा?" कौशल्याबाईंनी डोळे वटारले. "जीभ झडेल, उद्धवराव!"

एक फेरी. करंगळीची धार अंगठ्याएवढी झाली. उद्धवराव म्हणतायत, "अवो थांबा, सुटतोय!" लोकांना वाटलं, ह्यांचा संसारच सुटतोय, अंगात आलं ह्यांच्या! एकीनं त्यांच्याच कपाळाला कुंकू लावलं. दुसरी फेरी. धार मनगटाएवढी. "बत्तीस वर्षं!" उद्धवराव दोन्ही हातांनी नट धरून किंचाळले, "बत्तीस वर्षं मेंटेनन्सला..." आणि पब्लिक मागनं म्हणतंय, "उदो!"

पाचव्या फेरीला नट निघाला.

तुम्हाला सांगतो, असं पाणी मी आयुष्यात... म्हणजे त्या म्हाताऱ्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं! पाईप फुटल्या धरणासारखा सुटला. सुजितची मीटिंग गेली वाहून. लोक पळाले म्हणता? एक पळाला नाही! तांबे आले, लोटे आले, तीर्थ म्हणून ओंजळी भरल्या, लेकरांना न्हाऊ घातलं. दहा मिनिटांत टाकी ठणठणीत कोरडी. खाली फक्त उद्धवराव, भिजलेले, हातात नट, आणि चेहऱ्यावर... अहो, नोकरीला लागायच्या पहिल्या दिवशी असतो ना, तसा चेहरा. पाणी थांबल्यावर शालनबाई पाईपाशी गेल्या, बोटानं चाचपलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गळायचं थांबलं म्हणायचं."

दसरा उजाडला. शालनबाईंनी शेजारपाजारनं हंडाभर गोळा करून पुरण शिजवलं, प्यायला पाणी नाही. बाराच्या ठोक्याला दादासाहेब. आपट्याची पानं नाहीत हातात! मागं दोन पुतणे, त्यांच्या खांद्यावर वीस वीस लिटरचे पाण्याचे जार, नळ लावलेले. बातमी दिघीला कोणी पोचवली, ते विचारू नका... म्हाताऱ्याकडं फोन आहे, एवढंच सांगतो.

दादासाहेबांनी जार उद्धवरावांच्या पुढ्यात ठेवला, गळाभेट घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "व्याही, सोनं घ्या!"

घरात हशा उसळला, दाराशी जमलेल्या शेजाऱ्यांतसुद्धा. दिपाली पदरात तोंड घालून हसली. शालनबाईसुद्धा! उद्धवराव उभे. आणि हशा ओसरतोय तोच आवाज आला... टप. टप. जाराचा नळ गळत होता.

सगळ्यांच्या नजरा उद्धवरावांवर. सुजितनं तर पाट पुढं सरकवायलाही घेतला. उद्धवरावांनी एकदा नळाकडं बघितलं, एकदा पाटावरच्या दोन्ही पान्यांकडं, एकदा कौशल्याबाईंकडं, ज्या आरतीचं ताट शोधत होत्या... खिशातला टेस्टर काढून हळूच पाटावर ठेवला, नळाखाली एक फुलपात्र लावलं, आणि पानावर बसत म्हणाले,

"गळू द्या राव. जेवून घेऊ."