ड्रायव्हरच्या पायाखालचं बूच

स्पेअर पार्टच्या दुकानात माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

दुकानदार म्हणाला, "काका, तुमच्या गाडीच्या तळाच्या भोकाचं रबरी बूच आलं बरं का. पण एकच मिळालं."

"एकच हवंय, माझ्या पायाखालचं. तिथलं भोक उघडंच आहे, रस्त्यावरचं पाणी आत उडतं. हिच्या बाजूचं मी कालच साबणाने घासून परत बसवलंय."

"अहो, म्हणून पावसात तुमचेच मोजे पिळावे लागतात मला? आणि मी आपली म्हणत होते, तुम्ही डबक्यांतून चालता!"

"दोन्हींत एकच धड होतं गं."

"ते माझ्याकडे बसवलंत. आणि तीन वर्षं माझी बोलणी खात राहिलात!"

"बरं, आता नवं तुझ्याकडे लावतो. तुझं जुनं मला चालेल."

"खबरदार! नवं तुमच्याच पायाखाली बसेल. पुन्हा अदलाबदल केलीत, तर गाडी मी चालवीन."