पहिला प्रकार

नाही, कुपी हातात धरून हसणार नाही मी — फोटो हवा तर असाच काढा, हातमोज्यांसकट. आणि खाली काय लिहिणार आहात? ‘कर्करोग ओळखणारं औषध’? खोडा ते. ह्या कुपीतलं प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, कर्करोग ओळखत नाही. टी-पेशी म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी; त्यांच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असतं, रिसेप्टर म्हणतात, तेवढं हे ओळखतं — आणि त्याचाही एकच प्रकार. प्रकार दोन असतात. तुमच्या रक्तात दोन्ही आहेत, माझ्याही. फरक केवढा? शेजारशेजारची दोन अक्षरं उलटसुलट व्हावीत, एवढाच. पण टी-पेशींचा कर्करोग वाढतो एकाच पेशीपासून, म्हणून तो सगळा एकाच प्रकारचा — तेवढ्या पेशी मारायच्या, दुसऱ्या प्रकारच्या राखायच्या. कल्पना कोणाची? सरांची, अर्थातच, सत्कार त्यांचाच आहे ना? माझी ओळख ते पाहुण्यांना ‘आमच्या प्रयोगशाळेचे हात’ अशी करून देतात. हातांना डोकं कुठे असतं!

दोन्ही प्रकारांची प्रतिपिंडं घडवत होते मी. दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी त्या समोरच्या इन्क्युबेटरमध्ये वाढत होत्या, छान तग धरला होता त्यांनी. सर म्हणाले, “बाई, एक तर जगासमोर येऊ दे, दुसऱ्याचं बघू सावकाश,” — आणि मी परिषदेला गेले असताना जागा हवी म्हणून सगळं टाकायला लावलं. मी गोठवून ठेवलेल्या कुप्यासुद्धा, जुना माल म्हणून. नाही, रागावले नाही. का रागावू? संस्थांमधून असं चालतं — हो, चालतंच.

धाकटीचा रिपोर्ट आला तेव्हा... माझी बहीण. टी-पेशींचाच कर्करोग. खूश झाली होती हो, वेडी! “ताई, घरचंच औषध! रांग नको, वशिला नको.” तपासणी मीच केली, ह्याच कुपीतून — प्रतिपिंड चिकटलं की पेशी चमकते. कर्करोगाची एकही पेशी चमकली नाही, सगळ्या दुसऱ्या प्रकारच्या. तिच्या धडधाकट टी-पेशींतल्या पहिल्या प्रकारच्या मात्र चमकत होत्या — म्हणजे हे दिलं, तर नेमक्या त्याच मरतील. पुन्हा करून पाहिली. तेच. मग सांगितलं तिला. तर हसली — “म्हणजे तुझं औषध मला ओळखच देत नाही? तुझ्यावरच गेलंय, ताई.”

दुसरं पुन्हा घडवते आहे. वर्षं लागतात त्याला, आणि तिच्याकडे — नाही, डोळ्यांना काही झालेलं नाही. हे छापायचं नाही. खाली लिहा, ‘पहिला प्रकार’. फक्त तेवढंच. निघा आता, आणि दार ओढून घ्या.