रिबकानं आपल्या तोंडानं सांगितलं

हॅलो? … गिरणीचा दवाखाना का? … कोण, गुरप्पा कंपौंडर? सलाम. मी सारजाबाई, मिशनच्या बोर्डिंगातली. आमच्या वच्छलाला बोलवा की जरा. व्हय, नर्सबाईला …

हॅलो? वच्छे? … अगं, बरं हाय सगळं! तुला आज ड्युटी, देवळात यायला जमलं न्हाय, म्हणून पाळकसाहेबांच्या हापिसातनं फोन करतेय … व्हय, व्हय, रिबकाचंच सांगते. ऐक ना!

… घेतलं की मंडळीत! आज पहिल्यांदा प्रभुभोजनाला बसली माझी लेक.

… न्हाय, तिच्या वतीनं पाळकसाहेब न्हाय बोलले. तिनंच आपल्या विश्वासाची साक्ष दिली … तोतरी हाय म्हणून काय झालं? मंडळीचे ईरप्पा पंच म्हणालेच होते, पोरीला कशाला तरास, तिनं नुसती मान हलवावी. तर ही म्हणाली, "वि… विश्वास माझा हाय. मीच सांगणार."

… लई भ्याले गं! उभी राहिली आन् पहिल्याच शब्दाला अडकली. "प… प…" पुढं काय येईना. मागं कुणीतरी फिसकन हसलं … ऐक तरी! पाळकसाहेब शब्द पुरवायला गेले, तर हिनं हात वर केला. थांबा म्हणून!

… मी? मी पदर दातात धरला. आपसूक माझेच ओठ हलायला लागलेले.

… मग आला की शब्द! "परमेश्वर." आन् मग काय बोलली, वच्छे … सांगते, सांगते. म्हणाली, ज्यानं सूर्य-चंद्र केले, ज्याच्या हुकमानं समुद्र गप बसतो, तो मी प्रार्थना करताना माझ्यासाठी थांबतो. माझा शब्द माझ्या तोंडातनं काढून घेत न्हाय. पुरा होस्तवर ऐकतो. येवढा मोठा देव, आन् त्याला माझी घाई न्हाय.

… हॅलो? … रडतेस व्हय गं?

… आन् पहिलं 'आमेन' कुणाचं, सांग? … ईरप्पांचं! उपासना झाल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, मी चुकलो."

… हसू नकोस, पर ती बोलत होती तवा मी उभीच राहिले होते. बाकी समदी बसलेली. कवा उठले, ठाव न्हाय. शेजारच्या काशम्मानं पदर ओढला, बस म्हणाली. मी म्हणलं, बसत न्हाय. लेक हाय ती माझी!

… व्हय, सांगते तिला, मावशी लई खूश झाली म्हणून … बोलायचंय? आता न्हाय गं, घरी पानं वाढून बसलीय. आज जेवणाआधीची प्रार्थना तीच करणार, मला गप बसायला सांगितलंय …

… लागू दे की येळ. भात गार झाला तर गार खाऊ. बरं, ठेवते.