दुसरा परीक्षक

सर : मनाला लावून घेऊ नकोस, भिंगरी. माझेही लेख असे मागे पडलेत. आधी त्यांचा छापून आला, महिन्याभरात तुझा येईल. विज्ञानाचं काही बिघडलं नाही.

भिंगरी : माझं बिघडलं ना, सर. तो रेडिओ झटका आधी आम्ही पकडला. जवळजवळ वर्षभर लेख परीक्षकांकडे अडकला आणि तेवढ्यात दुसऱ्या गटानं तीच दीर्घिका गाठली. पुढच्या आठवड्यात नोकरीची मुलाखत आहे. काय सांगू तिथे? आम्हीही बघितलं होतं म्हणून?

सर : घाई तुमचीही झालीच. नकाशात पूर्व-पश्चिम उलटी बघितल्यावर कुणीही सावध होणार.

भिंगरी : कुठल्या नकाशात?

सर : दीर्घिकेच्या. तिसरी आकृती.

भिंगरी : ती चूक पहिल्या खर्ड्यात होती, सर. तो तुम्हाला दाखवलाच नव्हता मी.

सर : दाखवला असशील. विसरली असशील.

भिंगरी : नाही. मुद्दाम नव्हता दाखवला.

(काकू चहा घेऊन येतात.)

काकू : उभी का गं? बस की. आणि चेहरा असा का उतरलाय? अहो, काही बोललात का हिला?

सर : कामाचं चाललंय आमचं. तू जा.

काकू : पीएचडी करताना पाच वर्षं दुपारी माझ्या ताटात जेवलीय ही. मी कुठे जाऊ? सांग गं, मला कळेल असं.

भिंगरी : काकू, आकाशातून रेडिओ लहरींचा झटका येतो. पापणी लवायच्या आत संपतो. पण आपला सूर्य कित्येक दिवसांत टाकतो तेवढी ऊर्जा तेवढ्यात टाकून जातो.

काकू : ते माहीत आहे. रोज जेवताना ऐकते. तरुण ताऱ्यांचं काहीतरी.

भिंगरी : तेच. मोठे तारे जन्मतात, लवकर मरतात, मागे जबरदस्त चुंबकासारखा गाभा उरतो. तो हे झटके मारतो, असं सर म्हणतात. म्हणजे जिथे नवे तारे जन्मतात, तिथूनच झटके यायला हवेत. आमचा आला एका म्हाताऱ्या दीर्घिकेतून. तोही पार कडेवरून. तिथे अब्जावधी वर्षांत नवा तारा झालेला नाही.

काकू : म्हणजे ह्यांचं चुकलं.

भिंगरी : चुकलं नाही हो. अपुरं पडलं. सगळे झटके एकाच तऱ्हेने होत नसावेत, एवढंच. पण सरांना लागेल म्हणून छापून येईपर्यंत गप्प राहायचं ठरवलं होतं मी.

काकू : मग?

भिंगरी : लेख छापण्याआधी दोन परीक्षक तपासतात. त्यांची नावं आम्हाला कळत नाहीत. पहिल्यानं लगेच होकार दिला. दुसऱ्यानं नकाशातली चूक दाखवली. खरंच चूक होती, मनातून आभारच मानले मी त्याचे. मग म्हणाला, मोठ्या दीर्घिकेआड एखादी अंधूक, छोटी दीर्घिका असेल, तरुण ताऱ्यांची. ती शोधा. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळायला किती महिने गेले. काही सापडलं नाही. तर म्हणाला, आणखी खोल बघा.

सर : शंका रास्त होती.

भिंगरी : पहिल्यांदा रास्त होती.

काकू : अहो, तो दुसरा तुम्ही होतात?

सर : नियमाप्रमाणे मी नकार कळवायला हवा होता. स्वतःच्या विद्यार्थिनीचा लेख...

काकू : नियम नाही विचारला मी.

सर : हो. मीच होतो.

भिंगरी : दुसऱ्यांदा लेख परत आला तेव्हा इथे येऊन रडले होते मी. तुम्ही पाणी दिलंत. म्हणालात, कोण आहे तो कळू दे, मी बोलतो त्याच्याशी.

सर : तुला अडवायचं नव्हतं गं. थोडा वेळ हवा होता. माझं पुस्तक छपाईला गेलेलं. उभी हयात त्या एका कल्पनेवर गेली. वाटलं, पुस्तक बाहेर पडलं की मग तुझं येऊ दे.

भिंगरी : मागितला असतात तर दिला असता.

सर : आता संपादकांना कळवशील?

भिंगरी : मी नाही. तुम्ही कळवा. जमत नसेल तर तसं सांगा, म्हणजे मी वाट बघणार नाही.

सर : उद्या लिहितो.

काकू : आज लिहा.

भिंगरी : एकच विचारते, सर. ती छोटी दीर्घिका तिथे असेल असं खरंच वाटत होतं तुम्हाला?

सर : नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हाच कळलं होतं. बरोबर आहे तुझं. फार नेटकं काम आहे.

भिंगरी : परीक्षक म्हणून एवढंच लिहायचं होतंत. जाते मी, काकू.

काकू : येते म्हण गं.

भिंगरी : आज नाही म्हणवत.

काकू : मग थांब, चपला घालते. कोपऱ्यापर्यंत येते तुझ्याबरोबर.

सर : मीही येतो.

काकू : नको. तुम्ही घरीच थांबा.